बदली माणूस

टाकवे बुद्रुक
२ मार्च २०२५

चि. आदिनाथ यास दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलण्याचा प्रयत्न करून पाहिला. माझं वाक्य संपलं की तुझं 'हॅलो' येतं, त्याला मी उत्तर देईपर्यंत तुझं पुढचं 'हॅलो' येतं. मागच्या खेपेला आपण नुसतं हॅलोच बोललो आणि आईला वाटलं, गप्पा चांगल्या रंगल्यात. म्हणून हे पत्र. मी सांगतोय, तुझी वहिनी टाइप करतेय, आणि तीच ते तुझ्या जहाजाच्या मेलवर पाठवणार आहे.

आता कामाचं. ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. हे मलाही ठाऊक नव्हतं. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका अरुंधतीबाई तळेगावहून येतात, त्यांना वर्षातला कुठला दिवस कशाचा ते तोंडपाठ असतं. चिमणी दिनाला त्यांनी पोरांना चिमण्या शोधायला पाठवलं होतं. पोरं दुपारपर्यंत परत आली नाहीत. तर या वर्षी सागरी दिन करायचा असं मी ग्रामपंचायतीत मांडलं. सागराशी संबंध असलेला माणूस गावात कोण, अशी चर्चा झाली. एकाने धरणावर होडी चालवणाऱ्याचं नाव सुचवलं. मग तुझं नाव निघालं आणि तुझा जाहीर सत्कार ठरला. सख्खा भाऊ म्हणून मी या ठरावात पूर्ण तटस्थ राहिलो. सूचक मीच होतो.

कार्यक्रम असा: वेशीपासून मिरवणूक, शाळेच्या पटांगणात पूजा आणि सत्कार, मग जेवण. फ्लेक्स छापायला दिलाय. वर 'गावचे सुपुत्र मर्चंट आदिनाथ यांचा भव्य नागरी सत्कार', खाली तुझा लग्नातला फोटो. तुझ्या मागे जहाज घेतलंय, तोफांसकट.

तेव्हा ५ तारखेच्या आत येणे. अगदीच जमलं नाही तर काळजी करू नकोस. नेहमीप्रमाणे मी आणि तुझी वहिनी तुझ्या जागी बसू.

आई बरी आहे. तुझ्याकडे कुसगावला सारिका आणि तेजलही मजेत आहेत. परवा तेजलच्या शाळेत पालकसभा होती, ती मी करून आलो. पोरगी गणितात कच्ची आहे. तिच्या बाईंनी मला तिचा बाप समजून चांगलं झापलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण ते तुझ्या वाट्याचं होतं.

तुझा,
कैलासदादा


केप ऑफ गुड होपच्या खाली, समुद्रात
६ मार्च २०२५

ती. दादास साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. आधी एक दुरुस्ती. मर्चंट ही पदवी नाही. मेजर, सुभेदार, डॉक्टर, तसं ते नावाआधी लागत नाही. मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी जहाजांचा ताफा. मी त्यातल्या एका जहाजावर सेकंड इंजिनियर आहे. चौदा वर्षं झाली, दादा.

दुसरं, तोफा काढून टाकायला सांग. आपल्याकडे लोणावळ्यात नेव्हीचं मोठं केंद्र असल्यामुळे नेव्ही म्हटलं की लोकांना पांढरा गणवेश आणि परेड दिसते, समुद्र दिसत नाही. मी बॉयलर सूट घालतो, तो पहिल्या दिवशी केशरी असतो आणि मग कधीच नसतो. जहाजावर शस्त्र म्हणशील तर आचाऱ्याची सुरी आहे.

आम्ही मोरोक्कोहून खत घेऊन निघालोय. डीएपी. तू वावरात टाकतोस तोच. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होतात म्हणून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून येतोय. अरुंधतीबाईंना भाषणासाठी सांग: देशाचा परदेशाशी जेवढा माल येतो-जातो तो वजन करून पाहिला तर जवळजवळ सगळा समुद्रावरून जातो. आपल्या कढईतलं सूर्यफुलाचं तेल, आमटीतली आफ्रिकेची तूर, गावात आलेला गॅस, सगळं कुणीतरी बोटीवर राहून आणलेलं असतं. आणि ५ एप्रिल का, तर १९१९ साली त्या दिवशी भारतीय कंपनीचं एक जहाज मुंबईहून इंग्लंडला निघालं. तेव्हा समुद्रावरचा धंदा इंग्रजांच्या हातात होता, त्यात आपल्या लोकांनी हे जहाज घातलं. हे फ्लेक्सवर घाला. तोफांपेक्षा बरं दिसेल.

आता यायचं. मार्चअखेर आम्ही गुजरातेत कांडला बंदराबाहेर पोचू. माझी मुदत फेब्रुवारीतच संपली. पण जहाजावरून उतरायचं तर आपल्या जागी बदली माणूस यावा लागतो, आणि कंपनीकडे सध्या बदली माणूस नाही. तेव्हा ५ तारखेचं काही खरं नाही.

तूच बस माझ्या जागी. तुला सवय आहे.

आईला नमस्कार.

तुझा,
आदिनाथ


टाकवे बुद्रुक
१३ मार्च २०२५

चि. आदिनाथ यास आशीर्वाद.

तुझ्या सूचना गावच्या तरुण मंडळापुढे ठेवल्या. तोफा काढल्या. त्यामुळे फ्लेक्सवर तुझ्या मागे मोठी मोकळी जागा झाली. तिथे येत्या निवडणुकीतल्या तीन इच्छुकांचे फोटो घेतले. एकोणीसशे एकोणीसच्या जहाजाला आता जागा उरली नाही. 'मर्चंट' मात्र राहू दिलंय. पोरांचं म्हणणं, पदवी नसेल तर गावाने द्यावी, गावाला तेवढा अधिकार आहे.

मिरवणुकीसाठी बोट पाहिजे होती. धरणावरची होडी मिळाली नाही, त्यांचं गिऱ्हाईक बुडतं. शेवटी कुसगावकडच्या एका रिसॉर्टवाल्याने पायाने चालवायची बोट दिली. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बरोबर बसते. अडचण एकच, ती हंसाच्या आकाराची आहे. मान उंच आहे. मान कापावी का यावर मंडळात दोन तट पडले. रिसॉर्टवाल्याला विचारलं तर तो बोट परत मागायला लागला. तेव्हा मान राहील.

डीएपीचं वाचून आनंद झाला. येताना चार पिशव्या बाजूला काढता येतील का ते बघ. आपल्याकडे दुकानात आला की संध्याकाळपर्यंत संपतो.

आता थोडं घरातलं. अरुंधतीबाईंनी पूजा नको, नुसता सत्कार करा असं सांगितलं होतं. पण नारळ आणायचाच आहे म्हटल्यावर पूजा आलीच, आणि पूजा आली की जोडीने बसायला पाहिजे. तू नाहीस, म्हणून मी आणि तुझी वहिनी बसणार असं ठरलं. हे सारिकाला सांगायला कुसगावला गेलो, तर ती म्हणाली, "दादा, ह्या बारीला मी बसते."

मी म्हटलं, एकटीला कसं बसता येईल? तिने उलट मलाच विचारलं, "बायको नसली तर गडी कमरंला सुपारी लावून पूजेला बसतो का न्हाई?" बसतो. बायकोच्या जागी सुपारी चालते हे सगळ्यांना माहीत आहे. "मग मीबी लावते सुपारी." मी गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, सुपारी पत्नीच्या जागी चालते, पतीच्या जागी चालते असं त्यांच्या ऐकिवात नाही. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. ही तिथूनच म्हणाली, "का वो गुरुजी, नवरा सुपारीत मावत न्हाई व्हय?" गुरुजींनी फोन ठेवला. त्यांना दुसरीकडे जायचं होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. आईने सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बसू दे की तिला. तुझा भाऊ हितं असला तरी कुटं बोलतोय? सुपारीबी बोलत न्हाई."

तू सारिकाला समजावून दोन ओळी लिही. ती शहाणी आहे, तुझं ऐकेल.

तुझा,
दादा

(भाऊजी, हे मी माझ्या मनाने लिहितेय, ह्यांनी सांगितलेलं नाही. मला पूजेला बसायची हौस नाही. माझे गुडघे दुखतात. — अनिता)


कुसगाव
२२ मार्च २०२५

अहो,

तुम्ही मला समजावणार होतात म्हणे. दोन ओळींची वाट बघितली. आल्या नाहीत, म्हणून मीच लिहिते.

दादा वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. घरातला गॅस संपला तर टाकव्याहून सिलेंडर घेऊन येतात. तेजल पडली तेव्हा टाके घालायला तेच घेऊन गेले, आणि चक्कर त्यांनाच आली. मला त्यांचा राग येत नाही, हीच पंचाईत आहे.

पण या घराची वास्तुशांत आठवा. तुम्ही तेव्हा ब्राझीलला होतात, म्हणजे तुम्हाला आठवणार नाही. मी सांगते. माझ्या घरात पहिलं पाऊल अनिताताईंनी ठेवलं, कलश घेऊन. मी मागच्या दाराने कढई घेऊन आले. गुरुजींनी संकल्पात दादांचं नाव घेतलं, ताईंचं नाव घेतलं, आणि मी आत पुऱ्या तळत होते. बाया हळदीकुंकू ताईंना लावून जायला लागल्या. एकीने आत येऊन मला विचारलं, "तू केटरिंगवाल्यांची का गं?" ताईंना फार वाईट वाटलं. त्यांनी मला बाहेर बोलावलं, पण तोवर पीठ हाताला लागलेलं होतं. दोन वर्षं झाली, मी या घरात राहते, झाडते, लाइट बिल भरते, आणि अजून मला दारातून आत येताना कुणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटतं.

म्हणून या वेळी मी बसते म्हटलं. सत्कार तुमचा आहे, तुमची बायको मी आहे. यात गुरुजींना विचारण्यासारखं काय आहे?

आता दुसरं. तुम्ही दादांना लिहिलंत की कंपनीकडे बदली माणूस नाही. मी मंगळवारी मुंबईच्या ऑफिसला फोन केला. म्हटलं, माणूस नसेल तर निदान कधी मिळेल ते तरी कळेल. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, "मॅडम, बदली माणूस फेब्रुवारीपासून तयार आहे. तुमच्या मिस्टरांनीच मुदत वाढवून मागितली."

मी "बरं" म्हटलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या, तो उतरवला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईंना नाही, ताईंना नाही.

तुम्हाला घरी यायचं आहे का? आधी हो की नाही ते लिहा. कारण नंतर लिहा, मी वाचीन. आणि ५ तारखेला मी दादा-ताईंच्या पाठीमागे पदर सावरत उभी राहणार नाही. तुम्ही आलात तर तुमच्या शेजारी बसेन. नाही आलात तर एकटी बसेन.

सारिका


कांडला बंदराबाहेर, नांगर टाकून
२९ मार्च २०२५

सारिका,

हो.

तुझं पत्र आल्यापासून हा एक शब्द लिहून खोडत होतो. खोटा होता म्हणून नाही. 'मग इतके दिवस आला का नाहीत' असं तू विचारशील, त्याचं उत्तर तयार नव्हतं.

मुदत मीच वाढवून मागितली. चीफ इंजिनियरच्या परीक्षेला बसायचं तर अजून काही महिने समुद्रावर काढावे लागतात, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं आहे. पण तेवढंच असतं तर मी तुला सांगितलं असतं.

मागच्या सुट्टीत मी आलो तेव्हा पहिल्या सकाळी तू विचारलंस, "चहात साखर किती?" पाहुण्याला विचारतात तसं. तुझी चूक नाही, मी नऊ महिन्यांनी आलो होतो. मग मी पंखा लावायला गेलो आणि बाहेरचा दिवा लागला. तेजलने हसून मला बटणं दाखवली. पाण्याची मोटार बिघडली. मी इंजिनियर माणूस, पान्हा शोधत बसलो, तोवर तू दादाला फोन केलास आणि तो येऊन दुरुस्त करून चहा पिऊन गेला. तेजलच्या शाळेच्या कागदावर सही पाहिजे होती. ती कागद घेऊन माझ्यासमोरून गेली आणि म्हणाली, "काकांना देते." तिला वाईट वाटावं म्हणून ती म्हणाली नाही. तिला ते सुचलंच नाही, याचं मला वाईट वाटलं. आठवड्याभराने तू सहज विचारलंस, "परत कधी जायचंय?" सहजच विचारलं असशील.

इथे मी इंजिनरूममध्ये वेळेवर दिसलो नाही तर माणूस बोलवायला येतो. माझ्या जागी इथे कुणी नाही म्हणून मला थांबावं लागतं, आणि घरी माझ्या जागी दादा आहे म्हणून माझं काही अडत नाही, असं मी धरून चाललो. वास्तुशांतीला तू आत पुऱ्या तळत होतीस हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मला फोटो आले होते, त्यात सगळेच हसत होते. तू कुठे दिसत नव्हतीस, तेव्हा मला वाटलं, फोटो तू काढतेयस.

मुदतवाढ नको असं मी कंपनीला कळवलंय. बदली माणूस कधी पाठवतील ते त्यांच्या हातात आहे. जहाज अजून धक्क्याला लागलेलं नाही. इथून किनारा दिसतो, पण जाता येत नाही. त्यामुळे ५ तारखेला मी येत नाही, या वेळी खरोखरच.

तू बस. दादाला मी काही लिहीत नाही. मी लिहिलं तर तू माझ्या परवानगीने बसल्यासारखं होईल.

आदिनाथ


टाकवे बुद्रुक
६ एप्रिल २०२५

चि. आदिनाथ यास आशीर्वाद.

काल तुझा सत्कार पार पडला. झालं ते जसंच्या तसं सांगतो. तुझी वहिनी सांगेन तसंच टाइप करायचं कबूल झाली आहे.

सकाळी वेशीवर ट्रॅक्टर आला. हंस धुऊन पुसून स्वच्छ केला होता. मी फेटा बांधून तयार होतो. मी चप्पल काढून ट्रॉलीवर पाय ठेवणार, एवढ्यात सारिका तेजलला आईपाशी उभी करून पुढे आली आणि बोटीत चढली. पैठणी नेसली होती. बसली आणि समोर बघायला लागली. हलगीवाल्यांना वाटलं हेच ठरलंय, त्यांनी सुरुवात केली. आता गावासमोर धाकट्या भावाच्या बायकोला उतर कसं म्हणायचं? मी ट्रॅक्टरच्या पुढे चालायला लागलो. लोकांना वाटलं मी वाट मोकळी करतोय. म्हणून मग मी वाट मोकळी केली.

शाळेजवळच्या कमानीत हंसाची मान अडकली. मी हे आधीच बोललो होतो. ड्रायव्हर सत्यमने गाडी मागे घ्यायच्या ऐवजी पुढे घेतली आणि फ्लेक्स मधोमध फाटला. तू गेलास आणि एक इच्छुक गेला. 'मर्चंट' शाबूत राहिलं.

पूजेला दोन पाट मांडले होते. सारिका एका पाटावर बसली. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मी आईकडे बघितलं, आईने दुसरीकडे बघितलं. तुझी वहिनी तोवर बायकांत जाऊन बसली होती आणि हाक मारली तरी तिला ऐकू येत नव्हतं. शेवटी गुरुजींनी संकल्पाला नाव विचारलं. सारिकाने स्वतःचं सांगितलं. गुरुजी तेच नाव घेऊन पुढे गेले. त्यांना दुपारी आणखी एक पूजा होती.

मग स्टेजवर. दोन खुर्च्या होत्या, तुझी आणि तिची. अरुंधतीबाई चांगलं बोलल्या. १९१९ च्या जहाजाचं, तेलाचं, तुरीचं, डीएपीचं सगळं सांगितलं. डीएपीला टाळ्या पडल्या. सारिकाला शाल दिली, नारळ दिला. ती एका खुर्चीवर बसली. दुसरी मोकळी होती. मोकळी खुर्ची बरी दिसत नाही म्हणून मी जाऊन बसायला लागलो, तर ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, ती भरलेली हाय." माइक चालू होता.

मी खाली पोरांच्यात येऊन बसलो.

त्यानंतर मनोगत होतं. तुझ्या वतीने बोलायला मी चार मुद्दे काढले होते. ते खिशात राहिले. सारिका उठली. ती काय बोलली ते मला पाठ झालंय, कारण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. म्हणाली:

"मला भाषन येत न्हाई. ह्यांनी आनलेलं खत तुमच्या वावरात पडतं, त्येल तुमच्या कढईत पडतं. आननारा दिसत न्हाई. आज तुमी त्येची आठवन काढली, लय चांगलं केलं. पन मानूस समुद्रावर जातो तवा घरातला एक मानूस कमी व्हतो. तितं दुसरा बसवला म्हंजी मग कमी दिसत न्हाई. पन त्यो परत आला तर बसंल कुटं? जागा मोकळीच ठिवावी लागती. डोळ्याला खुपती, पन ठिवावी लागती. म्या ठिवली न्हाई, ती माजी चूक झाली. आता ठिवनार हाय."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आईने वाजवल्या. तुझ्या वहिनीला तेव्हा बरोबर ऐकू आलं. पुरुषांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळलं नाही, म्हणून ते जेवायला उठले.

आदिनाथ, मला वाईट वाटलं. मी कुणाच्या जागेवर बसलो असं मला कधी वाटलं नव्हतं. मोटार बिघडली तर दुरुस्त करायची नाही का? पोरीला ताप आला तर न्यायचं नाही का? तू नव्हतास म्हणून मी केलं. आणि आता तिच्या बोलण्यावरून कळतंय की मी करतो म्हणून तू येत नव्हतास. हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं. दोन घरांत मला एवढी माणसं, एकाने तरी.

एक सांगतो, ते तुझ्यापाशीच ठेव. सागरी दिनाशी मला काय करायचंय? मी समुद्र दोनदा बघितलाय, दोन्ही वेळा अलिबागला. सत्कार काढला तो तू यावास म्हणून. भावाला घरी ये म्हणून कसं लिहायचं ते मला जमत नव्हतं. सत्काराचं निमंत्रण जमलं. मी दमलोय रे. दोन्ही घरची मोटार, दोन्ही घरच्या पालकसभा. तू ये.

फेटा मी परत केला. शाल सारिकाकडे आहे.

तुझा,
दादा


कांडला
९ एप्रिल २०२५

सारिका,

काल जहाज धक्क्याला लागलं. खत उतरवायला सुरुवात झालीय. क्रेनचा जबडा एकदा खाली जातो आणि आपल्या अख्ख्या गावाला वर्षभर पुरेल एवढं उचलून वर येतो. दादाला सांग, पिशव्या नसतात.

बदली माणूस शुक्रवारी येतोय. केरळचा आहे, चांगला आहे म्हणतात. त्याला इंजिनरूम दाखवून, सगळं त्याच्या हवाली करून मी उतरेन. रविवारी सकाळच्या गाडीने लोणावळ्याला पोचेन.

दादाचं पत्र आलं. दोनदा वाचलं. त्याला मी येऊन समोर बसून उत्तर देईन, हे लिहून द्यायचं नाही. पण रविवारी त्याला स्टेशनवर पाठवू नकोस. तो आला तर हलगी घेऊन येईल, आणि मी परत सत्कारमूर्ती होऊन घरी येईन.

मला घ्यायला तू ये.

आदिनाथ


कुसगाव
१० एप्रिल २०२५

अहो,

येते.

दादांना सांगून टाकलं, लपवून कशाला ठेवायचं? मला वाटलं रागावतील. रागावले नाहीत. "बरं झालं," म्हणाले, "तूच जा." चहा घेतला. मग अंगणात जाऊन आमची मोटार बघितली, हात लावला नाही, परत आले. चपला घालताना म्हणाले, "सामान जड असलं तर फोन कर, मी गाडी घेऊन उभाच असंन." फाटकापाशी गेल्यावर परत तेच म्हणाले.

मी "बरं" म्हटलंय. फोन मी घरीच ठेवून येणार आहे.

सारिका